रुद्रभूमीतली कनात

५ नोव्हेंबर २०००

ही तारखांची वही मला नको होती. डॉक्टरांनी गळ्यात मारली. वरती आम्लपित्ताच्या गोळीची जाहिरात छापलेली आहे आणि वर्ष संपत आलेलं, म्हणजे त्यांच्याकडेही पडूनच असणार. म्हणाले, "आप्पा, झोप नाही, भूक नाही, छाती धडधडते म्हणता, पण तपासणीत काहीच निघत नाही. रोज गोळी घ्या आणि मनात येईल ते लिहीत चला." माझ्या मनात येतं ते लिहिलं तर डॉक्टरांनाच पचायचं नाही.

आज मनात आलं ते एका शब्दात लिहितो. शिसारी.

सकाळी उठल्यापासून सगळ्याचीच शिसारी येते. आमच्या चिरंजीवांनी, श्रीशैलने, दिवाळीच्या मुहूर्तावर दुकान रेडिमेडचं केलं. जन्मभर मी गजाने कापड मोजलं, वडवणीच्या बाजारात आणि आजूबाजूच्या सगळ्या बाजारांत पाल ठोकून विकलं. आता काचेत पुतळे उभे आहेत. त्यांना डोकी नाहीत. मी गल्ल्याजवळ जाऊन बसलो तर हळूच म्हणतो, "आप्पा, तुमी आता आराम करा. गिऱ्हाईक बुजतं." गिऱ्हाईक माझ्यामुळे बुजतं, बिनडोक्याच्या पुतळ्यांना बुजत नाही!

घरी येऊन आराम केला. टीव्हीवर एक बाई केसांना शाम्पू लावत होती. ती गेली, दुसरी आली, तीही शाम्पूच लावायला. दुपारी अर्धी भाकरी ताटात टाकली. सूनबाई शिवकन्या ताटाकडे बघत राहिली.

९ नोव्हेंबर

मारुतीच्या पारावर बसून पाहिलं. तिथे आप्पाराव आणि त्यांची मंडळी रोज सकाळी जमतात. विषय एकच. आज कुणाचं पोट साफ झालं आणि कुणाचं नाही. इसबगोल दुधात घ्यावा की पाण्यात, यावर भांडण झालं. माणूस म्हातारा झाला की त्याच्याकडे एवढंच उरतं का? पुन्हा तिकडे फिरकणार नाही.

१४ नोव्हेंबर

आज कावेरीची पुण्यतिथी. दरवर्षी श्रीशैल मला मोटारसायकलवर घेऊन जातो, हार घालतो, लगेच फटफटी वळवतो. यंदा त्याचा सुरतेचा माल उतरायचा होता, म्हणून मी एकटाच बेलाची पानं घेऊन चालत गेलो.

रुद्रभूमी म्हणजे आमच्या लिंगायत समाजाची दफनभूमी. बीडच्या रस्त्याला गावाची शेवटची घरं संपली की लागते. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि गळ्यातल्या लिंगासह मातीत ठेवतात. कावेरी तिथे बसलेली आहे. तिच्या उजव्या अंगाची जागा मी समाजाला सांगून माझ्यासाठी राखून ठेवली आहे. आता माझं म्हणून जगात जे काही आहे, ते तेवढंच.

तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. हे मी बोलायची पद्धत म्हणून लिहीत नाही. अख्खं गाव तिथे परसाकडे बसतं. समाध्यांच्या मध्ये, ओट्यांना टेकून, जिथे जागा मिळेल तिथे. काट्यांना गुटख्याच्या आणि शाम्पूच्या पुड्या लटकलेल्या. कावेरीच्या ओट्यामागे काय होतं ते लिहवत नाही. बेल वाहायचा तर वाकावं लागतं आणि वाकलं की वास. तेवढ्यात एक बाई टमरेल घेऊन झुडपाआडून निघाली आणि मला बघताच पदर ओढून पळाली. मी नाकाला धोतराचा सोगा लावून उभा. बायकोला बेल वाहायचा तोसुद्धा नाक दाबून!

सगळ्या पापाचं मूळ तिथे माजलेली ती वेडी बाभूळ. तिच्यामुळे दडायला मिळतं. समाजाने ती एकदा तोडायला काढली होती, मीच तेव्हा चिटणीस होतो. कावेरीला कळलं तसं तिने माझ्याशी अबोलाच धरला. "राहू द्या ती झाडं, आडोसा हाय," एवढंच म्हणायची. आडोसा कसला? मेलेल्यांना काय वारा लागतो? बायकांचं डोकं! पण घरात शांतता असावी म्हणून मी तो ठराव बाजूला सारला. आता त्याचीच फळं तिला भोगावी लागतायत.

१६ नोव्हेंबर

समाजाचे अध्यक्ष केदारनाथ यांच्या तेलाच्या दुकानी गेलो. ते म्हणाले, "आप्पा, लोकांना सवय हाय. कुणाकुणाला अडवता?" बोलता बोलता चिवडा खात होते. मी सांगितलं, तुम्ही नका अडवू, मी अडवतो.

१९ नोव्हेंबर

काठी घेऊन उजाडायच्या आधीच जाऊन बसलो. पुरुष आले, मला बघून थबकले. एक रामहरी नावाचा गडी टमरेल हलवत म्हणाला, "काय आप्पा, एवढ्या लवकर येऊन बसलाव? अजून तुमचा नंबर लागला न्हाई!" मी काठी उगारली. हसत नाल्याकडे पळाला. बाकीचेही गेले.

बायका मात्र समजूतदार. घोळक्याने आल्या, लांबूनच मला पाहिलं, कुजबुजल्या आणि परत गेल्या. एकीलाही काठी दाखवावी लागली नाही.

घरी आल्यावर दोन भाकऱ्या कधी संपल्या ते कळलंच नाही. ज्वारी बरी मिळाली असावी.

२ डिसेंबर

रोज दोन्ही वेळ जातो. किळसवाणं काम आहे. फावड्याने माती ओढून झाकत जायचं, पुड्या गोळा करून जाळायच्या. वासाने डोकं उठतं. संध्याकाळी आंघोळ करूनही वास नाकातून जात नाही. आडवा पडलो की मात्र थेट पहाटेच जाग येते. डॉक्टरांच्या गोळीला गुण आहे म्हणायचा.

श्रीशैल म्हणतो, "लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील ते मला रोज सकाळी तोंडावर ऐकायला मिळतं, त्याला सांगावं लागत नाही.

११ डिसेंबर

बाभूळ तोडली! पलीकडच्या वस्तीतली तरणी माणसं दिवाळीनंतर कोयते घेऊन उसाला गेलीत, गडी मिळेना. शेवटी रामहरीच तयार झाला, सरपण त्याचं या बोलीवर. मीही कुऱ्हाड चालवली. तळहाताला फोड आले. सगळं मैदान लख्ख दिसू लागलं, रस्त्यापासून नाल्यापर्यंत. कावेरीचा ओटा चुन्याने सारवला. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा मोकळी हवा मिळाली.

१३ डिसेंबर

आज एक म्हातारी भांडायला आली. मंजुळाबाई नाव. पलीकडच्या वस्तीत राहते. लेक-सून उसाला गेलेले, ही घर राखते. बुटकी, काळी, तोंडाची तिखट. बुंध्यांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, हे कावून तोडलं तुमी?"

"घाण होती."

"घाण व्हय? मेलेल्यांची लाज राखली तुमी, बरं केलं. जित्या बायांनी कुटं जावं?"

"आपापल्या घरी संडास बांधा."

"घरच दोन पत्र्याचं हाय. त्याच्यात चूल घालू का संडास घालू?" मग जायला वळली आणि वळता वळता म्हणाली, "कावेरीबाई आसती तर तुमच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली आसती."

माझं डोकंच फिरलं. कावेरीचं नाव घ्यायचा हिला काय अधिकार? आणि ती कावेरीला ओळखते कुठून? दुकानात कधी आलेली मला आठवत नाही. आमच्या दारात तर नाहीच नाही.

२७ डिसेंबर

आज गावचे पुढारी, खुद्द सुंदरराव पाटील आले. पांढरे बूट, पांढरी जीप, मागे दोन माणसं कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. नाल्याशेजारची त्यांची जमीन. तिथे आता ज्वारी नाही, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत. म्हणाले, "आप्पा, लई मोठं काम केलं तुमी. तुमी फकस्त अर्ज करा. निधीतनं चारी बाजूनं भिंत घालून देतो. लोखंडी गेट, कुलूप. एक माणूस आत येणार न्हाई." त्यांच्या प्लॉटच्या गिऱ्हाइकांना खिडकीतून टमरेलं दिसू नयेत, हा त्यातला खरा परमार्थ. माणसाचा तिटकारा आला, पण भिंत मला हवीच होती. अर्ज तिथेच लिहून दिला. महाशिवरात्रीला भूमिपूजन.

केदारनाथ आता गावभर सांगत फिरतात की कल्पना त्यांची.

१२ जानेवारी

नवी डायरी विकत घेणार नाही. याच वहीतली जानेवारीची पानं कोरी आहेत, छापलेले वार खोडून लिहितो.

डॉक्टरांकडे गेलो. छाती तपासली, पुन्हा तपासली. म्हणाले, "आप्पा, नाडी पोरासारखी चाललीय. गोळी चालू ठेवा." मी हो म्हणालो. गोळीची बाटली कुठे ठेवली ते आठवत नाही, घरी जाऊन शोधली पाहिजे.

२९ जानेवारी

बीडला गेलो होतो. कावेरीच्या नावाची संगमरवरी फरशी करायला टाकली होती, ती घेऊन संध्याकाळच्या एसटीने परत निघालो. वडवणी जवळ येईतो अंधारून आलं.

रुद्रभूमीपाशी रस्ता वळतो. बस वळली तसा दिव्यांचा झोत कडेने फिरला, आणि रस्त्यालगत बसलेल्या बायका एकामागून एक उभ्या राहिल्या. पाठ करून, पदर डोक्यावरून ओढून. मागून एक पोरगा ओरडला, "सलामी द्यायल्यात बे!" अर्धी बस हसली. कंडक्टरही हसला.

सगळ्या उठल्या. एक उठली नाही. मंजुळाबाई. एक हात जमिनीला टेकवून उठायची खटपट करत होती, गुडघे ऐकत नव्हते. शेवटी तिने पदर तोंडावर ओढून घेतला आणि तशीच बसून राहिली. ड्रायव्हरने वळणावर गाडी हळू केली होती. झोत तिच्यावरून सावकाश गेला.

माझ्या मांडीवर फरशी होती. बीडपासून ती जड लागली नव्हती.

३० जानेवारी

शिसारी. कुणाची, ते ठरवता येत नाही. आज रुद्रभूमीत गेलो नाही. भाकरीही गेली नाही.

१ फेब्रुवारी

मंजुळाबाईच्या वस्तीवर गेलो. ती शेळीला पाला घालत होती. मला बघून म्हणाली, "आता काय तोडायला आलाव?" बस म्हणाली नाही, मीच दगडावर बसलो. विचारलं, कावेरीला तू कुठून ओळखतेस.

"कुटून म्हंजे? तुमच्या घरात संडास कवा झाला?"

श्रीशैलच्या लग्नाच्या वेळी झाला. सून शहरातली येणार म्हणून बांधला.

"त्याच्या आदी कावेरीबाई कुटं जात व्हती वाटलं तुमाला? रोज दिवेलागणीला त्याच बाभळीमागं येत व्हती. मी इकडं, ती तिकडं. लई गप्पा व्हायच्या. तुमच्या घरात तिला बोलायला सवड कुटं व्हती, बसलं की काम दुकानाचं नायतर तुमचंच. संडास झाला तरी येत व्हती. टमरेल नुसतं दाखवायला."

मी विचारलं, काय बोलायची?

"ते बायांचं बोलनं हाय, तुमाला कावून सांगू?" असं म्हणून शेळीकडे वळली. मग आपणहूनच म्हणाली, "तुमी बाभळी तोडनार म्हनून रडली व्हती एकदा. म्हनली, न्हाई तोडू देत."

आडोसा म्हणाली होती. मला वाटलं, वाऱ्याला.

घरी येऊन फरशी कपाटामागे उभी करून ठेवली. ती बसवायची इच्छा राहिली नाही.

५ फेब्रुवारी

माळ्यावरून जुनं पाल काढलं. बाजारात दुकान लावायचो त्याची ही कनात, जाड मांजरपाटाची. तिचे पट्टे कावेरीनेच शिवले होते. दोन जागी उंदरांनी खाल्लेली आणि तिला असा कुबट वास की शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या. अंगणात पसरली तेव्हा श्रीशैल दुकानात होता. दुपारी माझा डोळा लागला, उठून बघतो तर शिवकन्येने शिलाई मशीनवर दोन्ही भोकांना ठिगळं मारलेली. मी काही सांगितलं नव्हतं, तिने काही विचारलं नाही. "मामा, खाली दोरी घातलीय, वाऱ्यानं उडायची न्हाई," एवढंच म्हणाली.

रामहरीला घेऊन रुद्रभूमीच्या मागच्या अंगाला, नाल्याकडे, जिथे एकही समाधी नाही, तिथे पाल ठोकलं. खुंट्या कशा ठोकायच्या ते हात विसरले नव्हते. रस्त्याची बाजू पुरी झाकली. मग लांब येऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कनातीवर माझ्याच नावाची, मीच एके काळी रंगवून घेतलेली हातभर उंचीची अक्षरं: मल्लिनाथ वस्त्र भांडार, वडवणी. एकच भाव.

आता काढून पुसायला वेळ नव्हता. अंधार पडत होता आणि बायका येऊन उभ्या होत्या. मी काठी घेऊन रस्त्यावरच्या पुलाकडे चालू लागलो.

८ फेब्रुवारी

श्रीशैल थयथयाट करतो आहे. "आप्पा, बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुमी! लोक म्हणायलेत, वस्त्र भांडाराची नवी शाखा निघाली!"

मी म्हणालो, "शाखा चांगली चालते. दोन्ही वेळ गर्दी असते. तुझ्या पुतळ्यांपुढे असते का?"

शिवकन्या पदर तोंडाला लावून आत पळाली.

१५ फेब्रुवारी

भिंतीचा अर्ज मागे घेतो असं केदारनाथना सांगितलं. निदान नाल्याकडची बाजू उघडी सोडा म्हणालो. आज चिवडा बाजूला ठेवला त्यांनी. "आप्पा, समाजाच्या जागेत तुमी बायांचं पायखानं मांडलं. वर आता भिंत नको म्हणताव? समाजाविरुद्ध जायचं आसंल तर कावेरीबाईशेजारच्या जागेचं विसरा. ती जागा समाजाची हाय, तुमच्या बापाची न्हाई."

घरी आलो. काही सुचत नाही. तिच्या शेजारी बसायचं म्हणूनच तर एवढा खटाटोप. तिची जागा स्वच्छ करायची, मग आपणही जाऊन बसायचं. एवढंच ठरलं होतं.

जेवण नीट गेलं नाही, आणि ताटात टाकलेल्या भाकरीकडे शिवकन्या पुन्हा तशीच बघत राहिली.

२१ फेब्रुवारी, महाशिवरात्र

मांडव, लाऊडस्पीकर, विटांची ट्रॉली, नारळ. सुंदरराव पांढऱ्या बुटांत. बायकांना यायची सोय नव्हती, तरी मंजुळाबाई आणि वस्तीवरच्या म्हाताऱ्या रस्त्यापलीकडे उभ्या होत्या. तरण्या सगळ्या उसात. माझी कनात काढून गोळा करून एका कडेला फेकलेली.

मला नारळ फोडायला पुढे बोलावलं. मी माइकवर म्हणालो, "अर्ज मी केला होता, मीच मागे घेतो. गेट आणि कुलूप नको."

सुंदरराव हसतच म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. "आप्पा, बायांच्या टमरेलासाठी देवाचं काम मोडता? आजच्या दिवशी?"

"देव इतकी वर्षं काट्यांत बसला, त्याची तक्रार नव्हती. तक्रार माझी होती."

केदारनाथ दात खाऊन बोलले, "जागेचं ध्यानात हाय ना?"

"द्या ज्याला द्यायची त्याला."

नारळ न फोडता खाली ठेवला. सुंदररावांनी ट्रॉलीवाल्याला खूण केली. विटा आल्या तशा गेल्या, कुणाच्या प्लॉटवर ते कळेलच. लाऊडस्पीकरवाला मात्र पैसे मागायला माझ्याकडे आला. निर्लज्ज!

गर्दी पांगल्यावर मी कनात उचलायला गेलो तर एक टोक मंजुळाबाईने आधीच धरलं होतं. मी म्हणालो, झालं, गेली माझी जागा. कावेरीच्या शेजारी आता भलताच कुणीतरी.

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. "तिला जरा सैल बसू द्या."

११ मार्च

बायकोशेजारची जागा केदारनाथने त्याच्या चुलत्याला देऊन टाकली. चुलता अजून धडधाकट आहे, रोज येऊन जागा बघून जातो. शिसारी येते.

शिवकन्येला धान्याच्या डब्यामागे गोळ्यांची बाटली सापडली. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. मला दाखवली. मी म्हणालो, डॉक्टरांना सांगू नको, बिचाऱ्याला वाटतंय त्याच्या गोळीने गुण आला. मग गुण कशाने आला हे तिने विचारलं नाही, तेही बरंच. वाढताना तिसरी भाकरी मात्र न विचारता टाकली.

वेड्या बाभळीच्या बुंध्यांना धुमारे फुटलेत. मी रोज नाल्यातून बादली आणून घालतो. रस्त्याने जाणारे थांबून बघतात. जगात कुणी वेड्या बाभळीला पाणी घातलं नसेल. आप्पाराव पारावर सांगतात, मल्लिनाथ पुरता कामातून गेला. जाऊ दे. त्यांचं पोट साफ होवो.

वास तसाच आहे. माशा तशाच. किळस काही कमी झालेली नाही, आणि मी नाकाला सोगा लावूनच असतो. दिवेलागणीला पुलाच्या कठड्यावर जाऊन बसतो, रुद्रभूमीकडे पाठ करून. रस्त्याने कुणी गडी आला की मोठ्याने खोकतो. मागे पुन्हा ठोकलेल्या कनातीआड बायकांचं बोलणं चालू असतं. शब्द कळत नाहीत, मी कान देत नाही. मध्येच मंजुळाबाईचं हसणं तेवढं ओळखू येतं.

बीडची बस वळणावर आली की मी उठून रस्त्याच्या कडेला उभा राहतो, झोताच्या पुढ्यात. खिडकीतून सगळे माझ्याकडे बघतात. परवा कुणीतरी ओरडलंसुद्धा, "ए म्हाताऱ्या, काय सलामी देतो का बे?"

पहिले काही दिवस दिवे दिसले की मागे बांगड्यांचा आवाज व्हायचा, सवयीने सगळ्या उठायच्या. आज बस गेली. मी एकटाच उभा होतो. मागचं बोलणं थांबलं नाही.